लाइट गेली तर

‘सेव्ह’ या बटणावर क्लिक केले असता माहिती सेव्ह होते.

हे वाक्य माझं आहे. दूध संकलन केंद्रांसाठी केलेल्या एका प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेत, पान ४१ वर, बटणाच्या चित्राखाली ते छापलेलं आहे. त्यात खोटं काही नाही, अशुद्ध काही नाही. चित्रावर लाल बाणही आहे. अशी १३२ पानं मी तीन महिने बसून लिहिली होती. प्रोग्रॅम तयार करणारे वेगळे, विकणारे वेगळे आणि तो कसा वापरायचा ते लिहून देणारी मी. गेली बरीच वर्षं हेच माझं काम आहे. पुस्तिका छापून झाली, स्पायरल बाइंडिंग करून गावोगावच्या दूध संस्थांकडे गेली आणि मी पुढच्या पुस्तिकेला लागले.

दीड वर्षानं त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघायची होती. त्या निमित्तानं कऱ्हाड तालुक्यातल्या एका संस्थेत चार दिवस जाऊन बसायला मिळालं. आमच्या कामात हे क्वचित घडतं. ज्यांच्यासाठी लिहितो त्यांचे चेहरे आम्ही बहुधा बघितलेलेच नसतात.

सकाळी सहाला केंद्राचं शटर उघडलं तेव्हा बाहेर किटल्यांची रांग लागलेली होती. सायकलला अडकवलेल्या, मोटरसायकलच्या हॅंडलला लटकवलेल्या, एका आजीनं तर पदराखाली धरून आणलेली. ज्यांनी संकलन पाहिलं नसेल त्यांना सांगते, हे सगळं काम फार वेगात चालतं. सभासद नंबर सांगतो, दूध काट्यावरच्या भांड्यात ओततात, चमचाभर दूध फॅट मशीनला लावतात. काटा आणि मशीन दोन्ही वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेले असतात, त्यामुळे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) आपोआप पडद्यावर येतात. प्रोग्रॅम दराच्या तक्त्यात बघून रक्कम काढतो आणि पावती बाहेर येते. पुढचा माणूस तोवर किटलीचं झाकण काढून तयारच असतो.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याच्या खाली एकेका पॉइंटला पैसे कमी होत जातात. म्हणजे पडद्यावर ३.५ च्या जागी ३.२ आलं की त्या घरात दहा दिवसांनी येणारं बिल तेवढं उतरतं. रांगेतला प्रत्येक जण मान वर करून पडद्याकडे बघत असतो ते त्यासाठी. तो आकडा म्हणजे वैरण, पेंड, पोराची फी. मी पुण्यात बसून १३२ पानं लिहिली तेव्हा हे मला माहीत होतं का? ऐकून माहीत होतं. त्या रांगेशेजारी उभं राहिल्यावर कळलं.

कॉम्प्युटरवर एक ताई बसल्या होत्या. पन्नाशीच्या आसपास, बारावी झालेल्या, नवऱ्यामागं संस्थेत लागलेल्या. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, की आमची पुस्तिका आहे का इथे?

“आहे की मॅडम. जपून ठेवलीय.”

त्यांनी कपाट उघडलं. संस्थेच्या शिक्क्यांच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशी पाठवली तशीच पुस्तिका होती. एका पानालाही घडी नव्हती. मला वाईट वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, “चांगलीच असणार हो ती. पण आडलं म्हणून उघडली, तर कुठलं पान काढायचं तेच कळंना.”

मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. स्विचबोर्डाशेजारी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं चिकटवलेलं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं चार ओळी लिहिलेल्या होत्या. 

लाइट गेली तर वहीत लिहायचं. लाइट आल्यावर हातानं भरायचं. 
पावती कोरी आली तर रोल उलटा बसलाय. 
फॅट एकदम वर-खाली दाखवलं तर मशीन धुवायचं, परत लावायचं. 
दर बदलला तर सकाळपासून का संध्याकाळपासून, आधी विचारायचं.

या चारही गोष्टी माझ्या पुस्तिकेत होत्या. हे मी ताईंना सांगितलं नाही, पण रात्री मुक्कामी बसून शोधून काढल्या. लाइट गेल्यावर लागणारी ‘हातानं भरायची’ खिडकी पान ८७ वर होती, ‘एन्ट्री मेनू – इतर पर्याय’ या मथळ्याखाली. तिथे लाइटचा उल्लेखच नव्हता. पावतीचा रोल उष्णतेनं उमटणाऱ्या कागदाचा असतो, त्याला छपाई एकाच बाजूनं उठते. हे पान १९ वर ‘प्रिंटरची जोडणी’मध्ये आलं होतं. ज्या दिवशी कोरी पावती येते त्या दिवशी प्रिंटर जोडून वर्ष उलटलेलं असतं, मग ‘जोडणी’चं प्रकरण कोण उघडेल? दराचा तक्ता ‘मास्टर’मध्ये होता. मी पुस्तक मेनूच्या क्रमानं लिहिलं होतं. फाइल, मास्टर, एन्ट्री, रिपोर्ट. प्रोग्रॅम जसा रचला होता तसं. ताईंचा दिवस तसा रचलेला नव्हता. तो रांगेनं सुरू व्हायचा, मध्येच लाइट जायची, टँकर यायचा, कुणीतरी पावती घेऊन भांडायला यायचं, आणि दर दहा दिवसांनी बिलं करायची रात्र यायची.

हा शोध माझा नाही. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल हा मानसशास्त्रज्ञ हेच बघत बसला होता. कचेरीत काम करणारी माणसं वर्ड प्रोसेसर नव्यानं शिकताना त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळून पाहिली. समोर पद्धतशीर, पायरी पायरीनं लिहिलेलं पुस्तक होतं. माणसं ते क्रमानं वाचत नव्हती. त्यांना पत्र टाइप करायचं होतं, म्हणून ती सरळ टाइप करायला लागत. अडली की चाळत, चुकीच्या पानावर थांबत, आणि एकदा वाट चुकली की त्या पुस्तकात परत फिरण्याचा रस्ताच लिहिलेला नसे. कॅरोलनं मग पुस्तक कापत नेलं. प्रस्तावना काढली, आढावे काढले, वाचकाच्या खऱ्या कामापासून सुरुवात केली आणि चूक झाली तर बाहेर कसं पडायचं याला मुद्दाम जागा दिली. त्या छोट्या पुस्तकावर माणसं लवकर शिकली. हे सगळं मी शिकताना वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तरी माझं पुस्तक मेनूच्या क्रमानंच आलं, कारण मेनू माझ्या टेबलावर होता आणि रांग दीडशेहून जास्त किलोमीटर दूर होती.

उरलेले दिवस मी ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. शब्दांचंही तिथेच उमगत गेलं.

पडद्यावर एक रकाना होता, ‘शिफ्ट’. सकाळ किंवा संध्याकाळ. मी लिहिलं होतं, ‘प्रथम शिफ्ट निवडावी.’ ताई म्हणाल्या, सुरुवातीला त्या आणि त्यांच्या मदतीला येणारा मुलगा कीबोर्डवरचं शिफ्टचं बटण दाबून बघत होते. काही होत नव्हतं, म्हणून पुन्हा दाबत होते. त्या गावात शिफ्ट कुणी म्हणत नाही आणि सत्रही म्हणत नाही. ‘सकाळचा टाइम’, ‘संध्याकाळचा टाइम’ म्हणतात. दोन्ही टाइमचं दूध घालणारा सभासद, एका टाइमचं घालणारा सभासद. टाइम हा शब्द तिथे इतका मराठी आहे, की त्याच्या जागी दुसरा बसवायला गेलं तर तोच परका वाटेल.

मराठीत सॉफ्टवेअरबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रश्न येतो. ‘जतन करा’ लिहायचं की ‘सेव्ह करा’? फोल्डरला ‘संचयिका’ म्हणायचं का? माझा अशा शब्दांवर राग नाही. ‘संगणक’ हा शब्द घडवलेलाच होता आणि आज तो शाळेच्या फळ्यावर सहज लिहिला जातो. ‘जतन’ तर किती जुना आणि किती मायेचा शब्द आहे. पण पडद्यावर ‘सेव्ह’ लिहिलेलं असताना पुस्तकात ‘जतन’ लिहिलं, तर वाचणारा पडद्यावर जतन शोधत बसतो, आणि त्याच्यामागे पंचवीस किटल्या उभ्या असतात. म्हणून मी आता एक नियम पाळते: पडद्यावर जे अक्षर दिसतं तेच पुस्तकात, आणि बाकी सगळं वाचणाऱ्याच्या तोंडच्या भाषेत. ‘क्लिक केले असता’, ‘निवडण्यात यावी’, ‘खात्री करून घ्यावी’ हे सगळं मी काढून टाकलं. दाबा. निवडा. बघा. ही क्रियापदं लहान असल्यानं पानावरचा बराच मजकूर आपोआप कमी झाला.

आणि कुऱ्हाडे. संस्थेत या आडनावाचे आठ-दहा सभासद होते आणि सगळ्यांच्या पावतीवर ‘कुर्हाडे’ छापून येत होतं. तो डोक्यावरचा रफार त्यांना खटकायचा. एका आजोबांनी तर पावतीवर पेनानं दुरुस्ती करून ती परत आणली होती. कऱ्हाड तालुक्यातल्या संस्थेत हे अक्षर येत नाही, हे बरं दिसत नव्हतं. अक्षर प्रोग्रॅममध्ये होतं, ते कसं काढायचं ते कुणी लिहून दिलं नव्हतं. देवनागरी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर साधा ‘र’ हा ‘जे’च्या बटणावर असतो. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो. त्यानंतर ‘डी’ दाबलं की हलन्त, मग ‘यू’ दाबलं की ‘ह’. ऱ, ्, ह मिळून ऱ्ह. ‘दुसऱ्या’ लिहायचं असेल तर तसंच, शेवटी फक्त य. चिमटीत मावेल एवढी माहिती. ताईंनी ती एकदा करून बघितली, पडद्यावर ‘कुऱ्हाडे’ नीट उमटलं, आणि त्यांनी त्याच वेळी सगळ्या कुऱ्हाड्यांची नावं बदलायला घेतली. संध्याकाळच्या टाइमला ते आजोबा आले. पावती हातात घेऊन त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, आणि घडी करून खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी ताईंनी मला एक प्रश्न विचारला. “मॅडम, १७१ चं दूध चुकून ११७ च्या नावावर पडलं. तेव्हा कळलं नाही. टाइम बंद केला, आकडे वर संघाला गेले. आता संध्याकाळी १७१ वाला येऊन म्हणतोय, माझी पावती कुठाय. तर काय करायचं?”

मी फोन करून ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, की टाइम बंद केल्यावर नोंद बदलता येत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलं होतं, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं होतं: बंद झालेले आकडे कुणालाही मागून बदलता आले, तर संस्थेच्या हिशेबावर विश्वास राहणार नाही. ताईंना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “मग तसं लिवा की पुस्तकात. मी दोन तास हुडकत बसले होते, कुठं बदलता येतंय का म्हणून.”

दोन तास! जी गोष्ट होतच नाही ती त्या शोधत होत्या. दोष आपला आहे, आपल्यालाच सापडत नाहीये, असं समजून. त्या दोन तासांची लाज मला पान ४१ पेक्षा जास्त वाटली.

परत आल्यावर नव्या पुस्तिकेत ‘हे होत नाही’ असं एक प्रकरण घालायचं मी ठरवलं, आणि तिथे अडचण आली. विक्रीच्या लोकांचं म्हणणं, की आपलीच उणीव आपण छापून कशाला द्यायची? दुसऱ्या कंपनीचा माणूस ते पान दाखवत फिरेल. त्यांची भीती अगदी निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांच्यापुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं उदाहरण ठेवलं.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स तयार केलं. त्याच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान, आणि पानावरचे मथळे ठरलेले: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणखी कुठे बघावं. आणि शेवटाकडे दोन मथळे, ‘बग्ज’ आणि ‘ओनर’. ‘बग्ज’खाली त्या आज्ञेत काय बिघडतं, काय जमत नाही, ते लिहिणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं. ‘ओनर’खाली ती कुणाची जबाबदारी, त्याचं लॉगिनचं नाव. केन (थॉम्पसन) किंवा डीएमआर (रिची). म्हणजे बिघडलं तर कुणाकडे जायचं, तेही त्याच पानावर. ‘बग्ज’ हा मथळा आजच्या लिनक्सच्या पानांवरही भेटतो.

त्या काळी त्यांचा विभागप्रमुख असलेला डग मॅकिलरॉय पुढे एका मुलाखतीत सांगतो, की पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची झाली की सगळ्यांची धांदल उडे. प्रोग्रॅममधलं ओबडधोबड काही लिहायला घेतलं, की हे छापून कसं द्यायचं असं वाटे; मग लोक मजकूर सजवायच्या ऐवजी प्रोग्रॅमच सुधारत. मला हे फार खरं वाटतं. एखादी गोष्ट साध्या वाक्यात सांगता येत नसेल तर बहुधा ती गोष्टच वेडीवाकडी असते, आणि ते पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं.

दुसरं उदाहरण मी बैठकीत दिलं नाही, कारण ते फार जड आहे. पण मनात तेच होतं. थेरॅक-२५ हे कॅनडातल्या कंपनीनं बनवलेलं किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये सहा रुग्णांना त्यातून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त किरण बसले. त्यांतली एक घटना २१ मार्च १९८६ ची, टेक्सासमधल्या टायलर गावातली. उपचार चालू असताना पडद्यावर संदेश आला, ‘मालफंक्शन ५४’. यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तकात या ५४ चा अर्थ दिलेला नव्हता. असले संदेश तिथे नेहमी येत, ‘पी’ दाबलं की काम पुढे सुरू होई, म्हणून यंत्र चालवणाऱ्या बाईंनी ‘पी’ दाबलं. आतल्या माणसाला पुन्हा किरण बसले. काही महिन्यांनी तो वारला. तीन आठवड्यांनी, ११ एप्रिलला, त्याच रुग्णालयात तोच संदेश पुन्हा आला आणि आणखी एक रुग्ण गेला. मग त्याच बाईंनी त्या दिवशी आपण कोणती बटणं कोणत्या क्रमानं आणि किती भरभर दाबली होती ते आठवून काढलं, आणि तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर बसून तो ५४ पुन्हा घडवून दाखवला. पडद्यावरची दुरुस्ती फार वेगानं केली की यंत्राचा घोटाळा होत होता.

मूळ दोष प्रोग्रॅमचा होता आणि सुरक्षेसाठी जुन्या यंत्रात असलेल्या वेगळ्या यांत्रिक अडसरांशिवाय नवं यंत्र बनवण्याचा होता. नुसतं पुस्तक चांगलं असतं तर सगळं टळलं असतं असा दावा कुणी करू नये. पण त्या बाईंनी ‘पी’ दाबायच्या आधी पुस्तक उघडलं असतं तरी त्यात त्यांच्यासाठी एक अक्षर नव्हतं, हे मला विसरता येत नाही. मी दुधाच्या पावत्यांबद्दल लिहिते. तिथे फार तर एखाद्याचं बिल चुकतं. तरीही पडद्यावर आलेल्या प्रत्येक संदेशाचा अर्थ पुस्तकात असलाच पाहिजे, हा माझा हट्ट तेव्हापासूनचा आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये असे ६३ संदेश निघाले. मी त्यांची यादी मागितली तेव्हा ती कुणाकडेच नव्हती. एका मुलानं सगळा प्रोग्रॅम चाळून मला ती काढून दिली.

‘हे होत नाही’ प्रकरणाचा कच्चा मसुदा त्याच मुलाकडे तपासायला गेला होता. तो दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, की १७१ चं पान वाचून मला झोप लागली नाही. बंद केल्यावर बदलता येणार नाही ते तसंच राहू दे, पण बंद करायच्या आधी तर सांगता येईल? त्यानं एक छोटी यादी घातली: रोज दूध घालणारे पण आज नोंद नसलेले सभासद कोण, आणि एकाच टाइमला दोनदा नोंद झालेले कोण. टाइम बंद करायला गेलं की ती यादी समोर येते. म्हणजे १७१ आणि ११७ दोघंही त्यात दिसतात.

नवी पुस्तिका ४८ पानांची झाली. पहिल्याच पानाला मथळा आहे ‘लाइट गेली तर’. विक्रीच्या लोकांशी शेवटपर्यंत थोडी ओढाताण झाली, पण ‘हे होत नाही’ प्रकरण राहिलं. त्यातलं पान ३९ असं आहे:

*दूध चुकीच्या नंबरवर पडलं आणि टाइम बंद केला.*

*बंद केलेली नोंद बदलता येत नाही. शोधू नका, तसं बटण नाही. ज्याची पावती चुकली त्याला आजच सांगा. वहीत दोन्ही नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ आणि तारीख लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. दहा दिवसांचं बिल करताना ‘फरक’ दाबा. एकाच्या बिलातून रक्कम वजा करा, दुसऱ्याच्या बिलात जमा करा. दोघांच्या बिलावर ‘फरक’ वेगळा छापून येईल.*

*तुमच्या संस्थेत फरकाची नोंद कोण करतं? नाव आणि फोन इथे लिहा.*

आणि खाली एक रेघ.

गेल्या पावसाळ्यात त्या केंद्रावर पुन्हा गेले होते. पुस्तिका कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला टांगलेली होती, कोपरे दुमडलेले, वरच्या पानावर दुधाचा वाळलेला डाग. ताई टँकरवाल्याशी बोलत होत्या म्हणून मीच पान ३९ काढलं. रेघेवर निळ्या बॉलपेननं ताईंचं स्वतःचं नाव होतं. त्यापुढे फोन नंबर, आणि कंसात लिहिलेलं: दुपारी १ ते ३ सोडून.